न्हाणीचं पाणी

डिझायनर मुलीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि विचारलं, "आंटी, बाथरूममध्ये गेल्यावर तुम्हाला कसं फील व्हायला पाहिजे?" तिच्या पडद्यावर फोटो तयारच होते. पांढरे टॉवेल, बांबू, गुळगुळीत गोटे, मेणबत्त्या आणि टबात डोळे मिटून पडलेली एक बाई, जिला जन्मात कुणी कामाला हाक मारली नसावी. मला त्या बाईसारखं वाटायला नको होतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मुलगी विरारहून भर उन्हात स्कूटी चालवत आली होती आणि माझ्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलींच्या वयाची होती. मी म्हटलं, "शांत वाटायला पाहिजे." तिने ते टाइप करून घेतलं.

"आणि दाराला आतून तीन कड्या," मी म्हटलं. "वर, मध्ये आणि खाली."

"तीन कशाला आंटी? घरात तुम्ही दोघंच ना?"

"तीनच."

तिने तेही लिहून घेतलं. गिऱ्हाईक विचित्र असलं तरी लिहून घ्यायचं, एवढं ती शिकलेली होती.

शाळेतून निवृत्त होताना मी ठरवलं होतं की पहिलं काम हेच करायचं. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, कुणी गुडघे बदलून घेतात. मला बाथरूम बांधायचं होतं, तेही घरामागच्या जुन्या न्हाणीच्याच जागी. नवऱ्याला हे पटेना. बेडरूमला लागून कोठीची खोली रिकामी पडली होती, पाण्याची लाइन तिच्या शेजारूनच गेलेली, सगळं सोयीचं. "लोक बाथरूम घरात आणतात," तो म्हणाला, "तू घर बाथरूमकडे न्यायला निघालीस." त्याचं खरं होतं. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत पंधरा पावलांचा बंद बोळ बांधावा लागणार होता. मी म्हटलं, बांधू. कारण मी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. एकतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं ते कळतं.

ती न्हाणी कशी होती ते सांगायला हवं. तीन भिंती विटांच्या, चौथ्या बाजूला पत्र्याचं दार. दाराला आतून कडी नव्हती. एक सुतळी होती, ती खिळ्याला गुंडाळून बसायचं. कोपऱ्यात सिमेंटची लहानशी टाकी. विहिरीवरच्या मोटरच्या पाइपाला दोन तोंडं होती, एक न्हाणीच्या टाकीकडे आणि एक वाडीतल्या झाडांकडे. कॉक फिरवला की पाणी या बाजूचं त्या बाजूला जायचं. तो कॉक जाऊबाईच्या ताब्यात होता.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. तोंडावर मी तिला वहिनी म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र ती पहिल्या वर्षापासून अगं-तुगंच आहे, आणि इथे मी मनातलंच लिहिणार आहे. ती मिठागरांच्या गावातून आलेली. खाऱ्या जमिनीवर वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्याचं अप्रूप असतं, हे मला कळतं. पण ते अप्रूप तिने सगळं माझ्यावर वसूल केलं. घरात अंघोळीची रांग ठरलेली होती. पुरुष, मुलं, सासूबाई, मग ती आणि सगळ्यात शेवटी मी. माझी पाळी येईपर्यंत टाकीत तळाचं पाणी उरलेलं असायचं, आणि मी आत जाऊन सुतळी गुंडाळते न गुंडाळते तोच पत्र्यावर काठी वाजायची. "म्हस धुतेस का ग आत?" असं ती वाडीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायची. केळीचे घड उतरवणारे गडी हसायचे. मी पाच मिनिटांत बाहेर. पाठ कधी ओली झाली, कधी नाही.

हे सगळं मी विसरले असते. सासुरवास कुणाला चुकलाय, माझ्या मैत्रिणींनी याहून वाईट भोगलंय. मी विसरले नाही ते एका रविवारामुळे.

लग्नाला सहा महिने झाले होते. रविवार माझा केस धुवायचा वार. केसांना शिकेकाई आणि अंगाला साबण लावून झाला आणि टाकीत तांब्या घातला तर तो तळाला खरडला. मी आतून ओरडले, "वहिनी, पाणी सोडा!" बाहेरून उत्तर आलं, "थांब जरा, आज चाफ्याची पाळी हाय."

त्याच पावसाळ्यात तिने सोनचाफ्याची दोन कलमं लावली होती, न्हाणीच्या मागच्या अंगाला. न्हाणीतून वाहून जाणारं पाणी त्यांना रोज मिळायचंच, पण आठवड्यातून एकदा विहिरीचं पाणी सोडून ती त्यांची आळी काठोकाठ भरायची. रविवारीच भरायची. मग मोटर घरघरायला लागली आणि मी डोळे मिटून, शिकेकाईने चुरचुरत्या पापण्यांनी, दगडावर बसून होते. तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला.

माझ्या वडिलांचा खोकला मी हजार माणसांत ओळखला असता. ते शिंपी होते. आयुष्यभर कापडाचा धुरळा नाकातोंडात जाऊन त्यांच्या खोकल्याला एक कोरडी शिट्टी आली होती. विरारच्या पलीकडच्या आमच्या भातशेतीच्या गावातून दोन एसट्या बदलून ते मला भेटायला आले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच. जाऊबाईने त्यांना मागच्या पडवीत खुर्ची दिली. न्हाणीपासून पडवी किती लांब, तर एखादी साडी उलगडून टाकावी एवढी. मला कपबशी वाजलेली कळली. ते बोलत होते ते कळत होतं, पण मोटरच्या घरघरीत शब्द एकही कळत नव्हता. मी हाक मारली. दोनदा मारली. मोटरपुढे माझा आवाज कुठला पोचणार.

आज वाटतं, तशीच बाहेर यायचं होतं. पण अंगणात तीन गडी टेम्पोत केळी भरत होते, माझी कोरडी साडी बाहेर दोरीवर होती आणि मी सहा महिन्यांची नवी सून होते. वीस मिनिटं ते बसले. मग खुर्ची सरकली. आणखी थोड्या वेळाने मोटर बंद झाली, कॉक फिरला आणि माझ्या टाकीत पाणी पडायला लागलं.

मी बाहेर आले तेव्हा जाऊबाईने माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं दिलं. त्यात बाबांनी शिवलेली दोन पोलकी होती. "तुजे बाबा येऊन गेले," ती म्हणाली.

"थांबवलं का नाही?"

"बस व्हती त्यांची. आनि तुजी आंगोळ काय उरकनारी हाय व्हय?"

पुढच्याच महिन्यात बाबांनी शिलाईच्या मशीनवर मान टाकली. मी गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

एवढंच घडलं. कोर्टात उभी राहिले तर यात गुन्हा कुठला ते मला दाखवता येणार नाही. पण ती वीस मिनिटं माझी होती आणि ती तिने घेतली. बाबा शेवटचं जे काही बोलले ते तिच्यासमोर बोलले. त्यांनी मला विचारलं का, काही निरोप ठेवला का, न भेटता जाताना त्यांना वाईट वाटलं का, की मी मुद्दामच बाहेर आले नाही असं ते समजले, हे जगात एकट्या तिला माहीत होतं. ते मला हवं होतं. अजूनही हवं आहे. पण मी तिच्याकडे मागायला जाणार नव्हते. तिच्याकडे एकदा पाणी मागून बघितलं होतं, तेवढं पुरे झालं. मी डूक धरला आणि तो नीट सांभाळला.

चाफे मात्र लागले. चांगले लागले. काही वर्षांत ते छपराच्या वर गेले आणि सकाळी अख्ख्या वाडीला वास सुटायला लागला. जाऊबाई पहाटेपासून आकडी घेऊन फुलं काढायची, टोपलीत केळीच्या पानावर मांडायची. आल्यागेल्याच्या हातावर एक फूल ठेवायची. माझ्याही ठेवायची. मी ते देवासमोर ठेवायचे, केसात एकदाही माळलं नाही. वर्गात कुणा मुलीने चाफा माळलेला असला की मी तिला मागच्या बाकावर बसवायचे, हेही आता सांगून टाकते.

आठ वर्षांपूर्वी दोघा भावांनी घर वाटून घेतलं. भांडण झालं नाही, मध्ये एक भिंत उभी राहिली एवढंच. न्हाणी आमच्या वाट्याला आली, चाफे त्यांच्या. तेव्हा मोठे दीर म्हणाले, "न्हाणीचं पाणी तेवढं चाफ्याला जात राहू दे." माझा नवरा म्हणाला, "हे काय सांगायला पाहिजे?" आमच्याकडच्या वाड्यांमध्ये ही रीतच आहे. न्हाणीचं पाणी ज्या झाडाला लागलं, त्या झाडाचा त्यावर हक्क. वाटण्या झाल्या, जमीन विकली, तरी ते पाणी कुणी तोडत नाही. कागदावर कुणी लिहीतही नाही, कारण तोडणारं कुणी निघेल असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्या मनात त्याच दिवशी आलं.

नंतर दीर गेले. त्यांची मुलगी लग्न होऊन नायगावच्या टॉवरमध्ये राहते. आईला घेऊन जायला ती दर दिवाळीत येते आणि आई दर दिवाळीत म्हणते, चाफा कोण बघेल. इकडे विहिरीचं पाणी मार्चपासूनच मचूळ लागायला लागलं होतं. मचूळ पाणी चाफ्याला घातलं तर पानांच्या कडा जळतात, हे जाऊबाईपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. म्हणजे उन्हाळ्यात त्या दोन झाडांना आधार उरला तो फक्त आमच्या न्हाणीचा. मी शाळेतून घरी यायचे आणि तेवढं बघून ठेवायचे. निवृत्तीची वाट माझ्याइतकी आनंदाने कुणी पाहिली नसेल.

तर बाथरूम. डिझायनर मुलगी प्रत्येक गोष्टीला एक सुंदर कारण द्यायची आणि माझं कारण मी पोटात ठेवायचे. ती म्हणाली, सागवानी बाक ठेवूया, त्याने ऊब येते. मी म्हटलं ठेव, मी दगडावर बसत आले आहे. ती म्हणाली, छतातून शॉवर घेऊया, अंगभर पाणी पडतं. मी म्हटलं सगळ्यात मोठा घे. ती म्हणाली, दिवे मंद करता येतील असे लावू, गवती चहाच्या तेलाचा दिवा ठेवू, टॉवेल गरम ठेवणारा दांडा बसवू. मी सगळ्याला हो म्हणत गेले. टाइल्स बघायला आम्ही तीन दुकानं पालथी घातली आणि शेवटी शेवाळी रंगाच्या घेतल्या. काच कापून घ्यायला सातिवलीच्या एका गाळ्यात गेलो तर तिथला माणूस म्हणाला, एवढी जाड काच बाथरूमला लागत नाही. मी म्हटलं, लागते. जाड दार, जाड काच, जाड भिंत. बाहेर कुणी काठी वाजवली तरी आत ऐकू येता कामा नये, अशी माझी अट होती आणि मुलीने ती "साउंड इन्सुलेशन" म्हणून वहीत लिहिली.

खिडकीवरून मात्र आमचा वाद झाला. तिचं म्हणणं, खिडकी वर, लहान आणि दुधी काचेची असावी. मला ती टबाच्या उंचीला हवी होती, मोठी, आणि मागच्या बाजूला उघडणारी.

"तिकडे काय आहे आंटी?"

"चाफ्याची दोन झाडं आहेत."

"वॉव," ती म्हणाली. "गार्डन व्ह्यू." मग तिने आतून बाहेरचं दिसेल आणि बाहेरून आतलं दिसणार नाही अशी काच शोधून काढली. बिचारीने फार मन लावून शोधली. टबात पडल्या पडल्या ती झाडं वाळताना बघायची आहेत, हे मी तिला कसल्या तोंडाने सांगणार होते.

टब आला त्या दिवशी जाऊबाई अंगणात होती. टेम्पो वाडीच्या वाटेत शिरेना, म्हणून चार माणसांनी तो डोक्यावर घेतला आणि केळीच्या पानांमधून पांढरी पाठ हलत हलत आली. "होडी घेतलीस का ग?" तिने विचारलं. माणसं हसली. मला पूर्वीसारखंच कानाच्या पाळीपर्यंत तापल्यासारखं झालं. पण या वेळी मी पण हसले, कारण त्याच दिवशी प्लंबर खणायला लागणार होता.

प्लंबर साधा माणूस. त्याने जुनी मोरी बघितली, तिचा उतार बघितला आणि म्हणाला, "मॅडम, जुनी लाइन झाडाकडे जाते, तीच ठेवू. खोदायला पण लागणार नाही." मी त्याला उलट्या दिशेला कुंपणाच्या कडेला नेलं आणि शोषखड्ड्याची जागा दाखवली. तो डोकं खाजवत राहिला. भिंतीपलीकडून जाऊबाई बघत होती. थोड्या वेळाने ती गुडघ्यांवर हात ठेवत आली.

"पानी कुटं नेतेस?"

हे वाक्य मी आठ वर्षं घोटून ठेवलं होतं. "आता पाण्यात शाम्पू असतो वहिनी, तेलं असतात. झाडांना चालत नाही." मी इतक्या गोड आवाजात बोलले की नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"शिकेकाई पन जायचीच की," ती म्हणाली. तिने भांडायला हवं होतं. दिरांचा शब्द काढायला हवा होता. प्लंबर झाडांकडे जाणारी जुनी मोरी बुजवत होता ते ती नुसती बघत उभी राहिली आणि मग घरात गेली. संध्याकाळी नवरा एवढंच म्हणाला, "दादाला आपण शब्द दिला होता." मी म्हटलं, "तू दिला होतास." तो त्यानंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

फेब्रुवारीत बाथरूम तयार झालं. पहिल्या दिवशी मी तिन्ही कड्या लावल्या, दिवे मंद केले, तेलाचा दिवा लावला आणि टबात शिरले. पाच मिनिटांत बाहेर आले. नवरा चकित. "झालं?" मला कळेचना काय झालं ते. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी कोमट, वास सुंदर, कुठून आवाज नाही, आणि अंग असं ताठ की आता काठी वाजणार. मी उठायचे. एवढे पैसे ओतून बांधलेल्या शांततेत मला बसता येईना. शेवटी मी स्वयंपाकघरातला कुकरसाठी ठेवलेला टायमर आत नेला. दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. मुलांना पाढे शिकवावेत तशी मी माझ्या अंगाला अंघोळ शिकवली. मार्च उजाडेपर्यंत मला अर्धा तास पडून राहता यायला लागलं.

आणि मार्चमध्ये खिडकीबाहेर पानं पिवळी पडायला लागली.

मी खोटं लिहिणार नाही, मला फार बरं वाटलं. तेल, दिवे, टब, सगळ्यांनी मिळून जे जमलं नव्हतं ते त्या पिवळ्या पानांनी केलं. माझे खांदे सैल पडले. रोज सकाळी टब भरायचा, आत पडायचं, काल किती फांदी उघडी होती आणि आज किती झाली ते बघायचं आणि मग बूच उपटायचं. ते सगळं पाणी गुळगुळ करत झाडांकडे पाठ फिरवून कुंपणाकडे निघून जायचं. महापालिकेचं पाणी कमी पडलं तर मी टँकर मागवला, पण टब कधी अर्ध्यावर ठेवला नाही. पलीकडून जाऊबाई पिण्याच्या पाण्यातली कळशी वाचवून झाडाच्या बुंध्याशी ओतताना दिसायची. दोन्ही हातांनी धरून, जपून ओतायची. कळशीभर पाण्याने एवढ्या झाडाचं काय होणार. एप्रिलमध्ये कळ्या धरल्याच नाहीत. वाडीत पहिल्यांदाच सकाळ बिनवासाची झाली, आणि येणारे-जाणारे तिला विचारायला लागले, यंदा चाफ्याला काय झालं. ती म्हणायची, पानी नाय. कुणाचं नाव घ्यायची नाही.

मेमध्ये एक झाड पूर्ण वाळलं. दुसऱ्याची एक बाजू हिरवी होती. त्याच सुमाराला एके दिवशी सकाळी अकराच्या पुढे जाऊबाई भिंतीला वळसा घालून आमच्या मागच्या दारात आली. "तुजी न्हानी बगायची हाय," ती म्हणाली. "समद्यांनी बगितली, मीच ऱ्हायले."

या क्षणाची मी तयारी केली होती. तिला सगळं दाखवायचं, एकेक नळ उघडून दाखवायचा, आणि वापर म्हणून म्हणायचं नाही. मी दिवे लावले. छतातलं पाणी सोडून दाखवलं. गरम टॉवेल हातात दिला. ती प्रत्येक वस्तूवरून बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "गुळगुळीत हाय." हेवा नाही, टोमणा नाही. पाय दुखले म्हणून ती सागवानी बाकावर बसली आणि तिची नजर खिडकीकडे गेली.

"हितनं दोनी झाडं दिसतात," ती म्हणाली.

"हो."

"रोज बगतेस?"

"रोज."

तिने माझ्याकडे बघितलं. "पानी तू मुद्दाम तोडलंस."

शाम्पूचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते मी दिलं नाही. एवढं सगळं करून शाम्पूवर ढकलायचं तर केलं कशाला? "हो," मी म्हटलं. "मुद्दाम तोडलं."

"का ग?"

मग मी सांगितलं. शिकेकाई, मोटर, चाफ्याची पाळी, खोकला, कपबशी, दोरीवरची साडी, खुर्ची सरकलेली, पुडकं. उभ्याने सांगितलं, वर्गात सांगते तशा आवाजात, आणि मधेच तो आवाज फाटला. ती ऐकत होती, नजर स्वतःच्या पायांकडे. ती काय काय म्हणेल ते मला पाठ होतं. मी कुठं असं केलं, मला कुठं माहीत होतं, बस होती त्यांची. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"मला नाय आठवत," ती म्हणाली.

"पुडकं तुम्हीच माझ्या हातात दिलंत," मी म्हटलं.

"खरंच नाय आठवत. पन केलं असंल मी. तवा मी तशीच व्हते."

मला भयंकर संताप आला. जे मी एकतीस वर्षं दिवसरात्र जपलं, ते हिने ठेवलंसुद्धा नव्हतं. नाकारलं असतं तर मी भांडले असते, रडली असती तर मला शांत वाटलं असतं. तिने नुसतं कबूल केलं, दुसऱ्या कुणाचा अपराध कबूल करावा तसं. आणि संतापाच्या तळाशी एकदम भीती वाटली, कारण मला कळलं की याचा अर्थ काय होतो.

"ते काय बोलले?" मी विचारलं.

"कोन?"

"माझे बाबा. वीस मिनिटं तुमच्यासमोर बसले होते. तुम्ही चहा दिलात. काय बोलले ते?"

जन्मात मी तिच्याशी अशा आवाजात बोलले नव्हते. ती दचकली. तिने डोळे मिटले. ती खरोखर प्रयत्न करत होती, मला दिसत होतं. अभ्यास न केलेलं पोर फळ्यासमोर उभं राहून आठवतं तसे तिचे ओठ हलत होते.

"उंच व्हते का ग?" तिने विचारलं.

"नाही. बुटके होते."

"तुजी इचारपूस केली असंल," ती म्हणाली. "लेक सुखात हाय ना, म्हनले असतील. माज्या लेकीला सांबाळा, म्हनले असतील."

"म्हणाले, की म्हणाले असतील?"

खोटं बोलून मला खूष करणं तिच्या हातात होतं आणि त्या घडीला मी ते खोटंही घेतलं असतं.

"असतील," ती म्हणाली.

मी टबाच्या काठावर बसले. ती उठून माझ्याजवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेली आणि न ठेवताच तिने तो मागे घेतला.

"तवाच इचारायचं ना ग," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी जरी इचारलं असतंस, तरी समदं सांगितलं असतं मी."

"दुसऱ्या दिवशी मी तुमच्याशी बोलत नव्हते, वहिनी."